टाकळा, रानमोडी आणि आपला माळ : मुरबाड-शहापूरकडे नवीन जमीन घेतलेल्यांसाठी

ठाणे-डोंबिवलीतले माझ्या ओळखीचे निदान सात-आठ जण असे आहेत ज्यांनी गेल्या काही वर्षांत मुरबाड, शहापूर नाहीतर बदलापूरच्या पुढे एकदोन एकर जागा घेतली, आणि सगळ्यांचा फोन ऑगस्टमध्येच येतो. "अरे मे महिन्यात बघितली तेव्हा मस्त सोनेरी गवत होतं रे, आता मांडीएवढं काहीतरी हिरवं माजलंय आणि गाय त्याला तोंडपण लावत नाही." ते काहीतरी म्हणजे दहातल्या नऊ वेळा टाकळा असतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

मी स्वतः ठाण्यात राहतो, शनिवार-रविवार कल्याण-मुरबाड रोडने गावी. आमचा साडेतीन एकर वरकस माळ आहे, भाताची खाचरं वेगळी. काकांच्या गोठ्यात 2 म्हशी आणि 3 गाई, त्यांचं वर्षभराचं गवत बऱ्यापैकी याच माळावरून निघतं. त्यामुळे खाली लिहिलंय ते या पट्ट्याचं आहे, म्हणजे पावसाचे चार महिने धो-धो आणि मग आठ महिने ठणठणीत कोरडं, मुरमाड-कातळ जमीन. घाटावर नगर-सोलापूरकडे गणित वेगळं असतं, तिकडच्यांनी जसंच्या तसं उचलू नका.

आधी नुसतं फिरा

पहिल्या वर्षी कोयता हातात घ्यायच्या आधी जुलैच्या मध्यावर एकदा माळावर नीट फिरा. सायकलचा जुना टायर घ्या, माळभर वाकडंतिकडं चालत 20 ठिकाणी तो न बघता फेका आणि प्रत्येक वेळी टायरच्या आत काय आहे ते लिहा: गवत, तण, की उघडी माती. पोरांना बरोबर घ्या, त्यांना हा खेळ लय आवडतो. आता यातला महत्त्वाचा आकडा तणाचा नाही, उघड्या मातीचा आहे. वीसपैकी पाच-सहा ठिकाणी माती उघडी दिसली तर समजा की तण कितीही काढलं तरी पुढच्या वर्षी परत हजर, कारण टाकळ्याचं बी तिथे आधीच पडून आहे आणि त्याला फक्त मोकळी जागा आणि ऊन पाहिजे. जिथे गवत दाट आहे तिथे टाकळा उगवला तरी काडीसारखा बारीक राहतो, हे कुठल्याही माळावर बघा.

माती उघडी का पडते? बहुतेक वेळा एकच कारण, पहिल्या पावसानंतर कोवळं गवत बोटभर आलं की जनावरं सोडली जातात. ती गवत ओरबाडून खातात, टाकळा सोडून देतात, मग टाकळ्याला रान मोकळं. दोनतीन वर्षं असं झालं की माळ टाकळ्याचाच. दुसरं कारण जेसीबी. प्लॉट "साफ" करायचा म्हणून मातीसकट सगळं खरवडून काढतात, मग तिथे गाजरगवत येतं आणि लोक म्हणतात जमीनच खराब.

काय तण आहे आणि काय नाही

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. ओळखीच्या एकाने सप्टेंबरमध्ये अख्खा तेरडा उपटून टाकला, तण समजून. तेरडा, सोनकी ही आपली इथलीच फुलं, पावसाबरोबर येतात पावसाबरोबर जातात, त्यांना हात लावायची काही गरज नाही. कवळा तर ठेवायचाच, बारीक पानांचा, डाळीच्या कुळातला आहे त्यामुळे जमिनीला नत्र देतो, गुरं खातात आणि आषाढात आपल्याला भाजी.

कुसळी गवताचं प्रकरण थोडं अवघड आहे. कोवळं असताना चांगला चारा, पण ऑक्टोबरमध्ये कुसळं पिकली की तीच कुसळं जनावराच्या तोंडात, हिरडीत घुसतात, आपल्या पँटला लागतात ते वेगळंच. त्यामुळे कुसळी काढून टाकायची नाही, वेळेत कापायची, सप्टेंबरअखेरीस कुसळं बाहेर पडायच्या आधी. लव्हाळ्याच्या मागे तर लागूच नका. त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात, खणाल तेवढ्या तुटून पसरतील, आणि वर गवत उंच झालं की सावलीने तो आपोआप दबतो.

मग उरतात ती खरी डोकेदुखीची: टाकळा, रानतुळस, रानमोडी, घाणेरी आणि गाजरगवत. पहिली दोन वर्षायू आहेत म्हणजे दरवर्षी बीपासून नवीन येतात, मधली दोन झुडपं आहेत, मुळावर जगतात. गाजरगवत पण बीवालंच पण त्याला ऋतू वगैरे काही नाही, ओल मिळाली की उगवलं. हा फरक डोक्यात बसला की अर्धं काम झालं, कारण बीवाल्याला बी धरायच्या आधी मारायचं आणि मूळवाल्याला मुळासकट.

टाकळा

जूनच्या पहिल्या सरीला गालिच्यासारखा उगवतो. कोवळा असताना खुडून भाजी करा, कांदा-लसूण घालून मस्त लागते, ठाण्याच्या बाजारात जुडी विकत घेतो आपण आणि इथे फुकट आहे. पण भाजी खाऊन टाकळा संपत नाही हेही सांगतो, मी पहिल्या वर्षी आईला बरंच आमिष दाखवलं होतं.

जुलैमध्ये तो वीतभर असताना घाईघाईने ब्रशकटर फिरवू नका. मी तेच केलं. वरून कापला, त्याने खालून चार फांद्या फोडल्या, ऑगस्टच्या शेवटी आधीपेक्षा दाट. काका तेव्हा बांधावर बसून बघत होते, काही बोलले नाहीत, पंधरा दिवसांनी म्हणाले, "बाळा, टाकळा पोरगा असताना कापून मरत नाय, फुलावर आला का काप." तर नियम तोच. पिवळी फुलं दिसायला लागली, पण शेंगा अजून धरलेल्या नाहीत, अशा आठ-दहा दिवसांत जमिनीलगत कापायचा, आमच्याकडे हे साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतं, गणपतीच्या आगेमागे. त्या वेळी झाडाने सगळी ताकद फुलात घातलेली असते, परत फुटायला त्याच्याकडे ना दम असतो ना दिवस. खाली दोनचार इंच खुंट ठेवून कापलात तर तिथून फूट येते, म्हणून विळा अगदी मातीला टेकवून.

थोडा असेल, म्हणजे गुंठा-दोन गुंठे, तर सरळ उपटा. सलग पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी माती लोण्यासारखी असते, मुठीत चार झाडं धरून ओढली की येतात. शेंगा धरलेल्या असतील तर मात्र तिथेच टाकायचा नाही, गोळा करून एका कोपऱ्यात ढीग करा. कापलेल्या झाडावरसुद्धा तयार होत आलेल्या शेंगा पिकतात. आणि एक वर्ष नीट कापलं म्हणून खूश होऊ नका, टाकळ्याचं बी कडक कवचाचं असतं, जमिनीत वर्षानुवर्षं दम धरून बसतं, थोडं थोडं करून उगवतं. आमच्या माळावर तिसऱ्या पावसाळ्यात फरक डोळ्याला दिसला.

रानतुळशीला पण हाच न्याय, फक्त ती उशिरा येते. ऑक्टोबरनंतर निळीजांभळी बारीक फुलं येतात, हात लावला की उग्र वास. सप्टेंबरअखेर कापून टाकायची. राहिली तर उन्हाळाभर वाळून उभी राहते आणि बी सांडत राहते, त्या बीला पाणी लागलं की सब्जासारखं बुळबुळीत होतं.

रानमोडी आणि घाणेरी

इथे ब्रशकटर म्हणजे केस कापण्यासारखं आहे. कापा, महिन्याभरात परत फुटतं, आणि एका खोडाची पाच खोडं होऊन येतात.

रानमोडी ओळखायची म्हणजे त्रिकोणी पान, पानावर तीन ठळक शिरा, चुरडलं की वास, आणि थंडीत पांढरट-फिकट जांभळी तुऱ्यासारखी फुलं. जानेवारी-फेब्रुवारीत त्याचं बी म्हाताऱ्यांसारखं वाऱ्यावर उडतं, त्यामुळे शेजारच्याची रानमोडी ही पुढच्या वर्षी तुमची रानमोडी. म्हणून काढायची तर भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन भिजलेली असताना. झुडूप गुडघ्याएवढं कापून घ्या, मग कुदळीने किंवा पहारीने बुडखा, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात ती गाठ, मातीतून पूर्ण उचकटून काढा. बारीक मुळं राहिली तरी चालतात, बुडखा राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. उपटलेले बुडखे ओल्या जमिनीवर टाकले तर पावसात परत मूळ धरतात, दगडावर किंवा झाडाच्या बेचक्यात उलटे अडकवून ठेवा.

घाणेरीला टणटणी पण म्हणतात. इंग्रजांच्या काळात बागेत शोभेला आणलेलं झाड, आता अख्ख्या देशाच्या जंगलांत आहे. तिच्यासाठी दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू यांनी एक पद्धत दाखवली आणि ती घरच्या माळावर करायला एकदम सोपी आहे. झाड ओढत बसायचं नाही, बुंध्याजवळची माती थोडी उकरून जमिनीच्या खाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ कुदळीच्या एका घावात तोडायचं. फुटवे येतात ते त्या वरच्या भागातून, खालच्या मुळातून नाही. मग झाड उलटं करून मुळं वर, शेंडा खाली असं ठेवून द्यायचं. पुढचं काम जास्त महत्त्वाचं आहे: तिची काळी फळं पक्षी खातात आणि झाडाखाली बी टाकतात, म्हणून माळावर आंबा, ऐन, करंज असं जे काही पक्षी बसायचं झाड असेल त्याच्या खाली पुढची दोनतीन वर्षं रोपं बघत राहा, रोपटं असताना दोन बोटांनी निघतं.

घाणेरीचं पान जनावराच्या पोटात गेलं तर यकृतावर जातं, डोळे पिवळे पडतात, उन्हात कातडी सोलल्यासारखी होते. पोटभर गवत असेल तर गाय सहसा तिला तोंड लावत नाही, पण मे महिन्यात उपाशी जनावर काहीही खातं. बाहेरून आणलेलं नवीन जनावर तर खास करून खातं कारण त्याला ती ओळखीची नसते. असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, जनावर सावलीत बांधा आणि डॉक्टर बोलवा.

गाजरगवत

पुण्याजवळ 1950 च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता कुठे नाही ते सांगा. घोडबंदरच्या कडेला, नवी मुंबईत रिकाम्या प्लॉटवर, डेब्रिज टाकलेल्या प्रत्येक ठिकाणी आहे. माळावर ते बहुतेक वेळा ट्रकमधून येतं. रस्त्यासाठी मुरूम टाकला, घर बांधायला रेती आणली, त्यात बी. त्यामुळे भरणी केली असेल तिथे पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी चक्कर मारा.

उपटताना हातमोजे आणि फुल बाह्या, हे गंमत म्हणून नाही, एकदा त्याची अॅलर्जी बसली की कातडीला आयुष्यभराचा ताप होतो. फुलाआधी उपटलं तर खतात टाकता येतं, फुलं आल्यावर नाही. मेक्सिकोहून आणलेला एक भुंगा, झायगोग्रामा नावाचा, 1984 पासून आपल्याकडे सोडला जातो, तो पावसाळ्यात याची पानं खातो. फिकट अंगावर काळपट नागमोडी रेघा असलेला बारीक भुंगा गाजरगवतावर दिसला तर मारू नका, फवारणीही करू नका तिथे. पण तो सगळं संपवेल म्हणून वाट बघत बसाल तर बसूनच राहाल.

औषध मारू का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, खरं तर हाच पहिला विचारतो. माझं मत, माळावर शक्यतो नाही, आणि हे काही फार शुद्ध वगैरे विचारातून नाही, साधा हिशोब आहे.

ग्लायफोसेट हे तणनाशक गवतासकट सगळं मारतं, म्हणजे उघडी माती, म्हणजे पुढच्या वर्षी परत टाकळा. शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करायचा असं बंधन घातलं होतं. टू-फोर-डी रुंद पानाचं तण मारतं आणि गवत सोडतं, ऐकायला छान वाटतं, पण ते कवळ्यालाही मारतं, आणि फवारल्यावर काही तास कोरडे पाहिजेत. जुलैमध्ये मुरबाडला कोरडे तास? उघडीप मिळते तोपर्यंत टाकळा जून होऊन शेंगेवर आलेला असतो. अजून एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: फवारल्यावर सुकत चाललेलं विषारी तण जनावराला आधीपेक्षा चवीला बरं लागतं, एरवी न खाणारी गाय तेव्हा खाते. म्हणून मारलंच तर डब्यावर लिहिलंय तेवढे दिवस त्या तुकड्यात जनावर अजिबात नाही, आणि दूध विकत असाल तर दुप्पट काळजी.

आणि पंप वेगळा ठेवा. मी एका वर्षी बांधावर टू-फोर-डी मारलं, पंप दोनदा धुतला, मग त्याच पंपाने परसातल्या भेंडीवर निंबोळी अर्क मारला. आठवड्याने भेंडीची पानं लांबट, चिरल्यासारखी, पंजासारखी झाली. एक भेंडी मिळाली नाही त्या वर्षी, बायको अजून काढते तो विषय.

चराईचं वेळापत्रक

तण काढणं हे दिसणारं काम आहे, म्हणून लोक ते करतात. चराई आवरणं दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही. माळाचे तीन-चार तुकडे पाडा, बांबू आणि तार पुरे, पक्कं कुंपण नको. पहिल्या पावसापासून निदान दीड महिना एकाही तुकड्यात जनावर नाही, गोठ्यात पेंढा घाला, राखून ठेवलेलं गवत घाला, काहीही करा. गवत नडगीच्या वर आलं की एका तुकड्यात सोडा, मुठीएवढं उरलं की बाहेर काढून दुसऱ्या तुकड्यात. एक तुकडा दरवर्षी आळीपाळीने पूर्ण बंद ठेवा, कापणीसुद्धा उशिरा, दिवाळीनंतर, म्हणजे तिथलं गवत बी पाडेल.

गावातली गुरं पूर्वीपासून तुमच्या जागेतून चरायला जात असतील तर मात्र पहिल्याच वर्षी तार ठोकून भांडण घेऊ नका. जाऊन बोला, जायची वाट सोडा, आणि दसऱ्यानंतर अर्धं गवत कापून न्या म्हणा. मजुरी पण वाचते, आणि माणसं टिकतात ते वेगळं.

उघड्या जागेवर गवत लावा

तण उपटलेली जागा तशीच सोडली तर ती तुमची राहत नाही. मारवेल हे आपल्या माळांचं एक नंबर गवत, गुरं आधी तेच शोधून खातात. बी विकत घ्यायच्या मागे लागू नका, जिथे दाट आहे तिथून जुलैमध्ये मुळासकट ठोंबं काढा, फूट-दीड फुटावर लावा, पावसात सगळी जगतात. डोंगरउताराला कंटूरने, आडव्या ओळीत. शेजारी स्टायलो नावाचा चारा पेरला तर अजून चांगलं, तोही डाळवर्गीय आहे, फक्त त्याचं बी कडक असतं, साधारण 80 अंश गरम पाण्यात 4 मिनिटं ठेवून मग रात्रभर गार पाण्यात भिजवून पेरायचं. उकळत्या पाण्यात टाकून शिजवू नका, हे पण झालेलं आहे एकाचं.

दोन वर्षं तरी त्या तुकड्यात जनावर नको, गरज लागली तर गवत कापून गोठ्यात घाला.

गवत कापल्यावर

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हद्दीने दहा-बारा फुटांची पट्टी खरवडून साफ करा, जाळरेषा. फेब्रुवारीपासून आमच्याकडे वणवे लागतात, कुठून लागले कोणालाच माहीत नसतं. काही जण मुद्दाम पेटवतात, नवीन गवत चांगलं येतं म्हणून. भाताच्या रोपासाठी राब भाजतात ते वेगळं, तो खाचरात एका जागी असतो. माळ जाळला की रानमोडीचं फावतं, तिचे बुडखे जमिनीत सुरक्षित आणि वर राख-मोकळी जागा तयार. हद्दीपलीकडे जंगल खात्याची जमीन असेल तर तिकडचं काही कापायला जाऊ नका, आधी सातबारा आणि नकाशा बघून घ्या.

कापायला जाताना गमबूट, आणि भाऱ्याखाली हात घालायच्या आधी काठीने हलवा, फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत इकडे. डिसेंबर-जानेवारीत कुंपणावर मखमली तपकिरी शेंगा लटकलेल्या दिसल्या तर ती खाजकुइली, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभंसुद्धा राहू नका.

आणि बाहेरून गवताचा भारा आणला तर तो माळावर सोडून खाऊ घालू नका, गोठ्यातच घाला. शेण पण पूर्ण कुजल्याशिवाय माळावर पसरू नका, त्यात बी जिवंत असतं. पौषात म्हसाच्या यात्रेतून बैल किंवा गाय आणलीत तर आधी तीनचार दिवस गोठ्यात बांधून ठेवा, आमच्या बंद तुकड्यात पहिली रानतुळस उगवली ती यात्रेतून आणलेल्या गाईला पहिल्या रात्री बांधलं होतं बरोब्बर त्याच खुंट्याभोवती.